होडीचा खेळ मी कुणाकडून घेतला

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लग्नानंतर बारा वर्षं नांदेडला वजिराबादेत दोन खोल्यांचं क्लिनिक चालवलं. नवऱ्याला लातूरच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा सगळं सामान टेम्पोत घालून लातूरला आणलं. दोन पलंग, व्यायामाच्या पुल्या, मेणाच्या शेकाचं भांडं, आणि एक जुना कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरमध्ये होडीचा एक खेळ होता.

खेळ अगदी साधा. पडद्यावर वरून दिसणारी नदी, तिच्यात एक लहानशी होडी. माऊस हळूहळू सरकवला की होडी सरकते. काठाला लागली तर पाण्यात वर्तुळं उठतात आणि होडी पुन्हा वळणाच्या सुरुवातीला जाऊन उभी राहते. घड्याळ नाही, शत्रू नाहीत, गुण नाहीत. अशा बारा नद्या, एकीपेक्षा दुसरी अरुंद. परदेशातल्या चार-पाच जणांच्या कंपनीनं तो बनवला होता. एका कार्यशाळेत कुणीतरी सांगितलं म्हणून मी त्यांच्याच वेबसाइटवरून घेतला होता. लकवा झालेल्या हातांना त्याचा फार उपयोग व्हायचा, कारण घाई करणारा खेळ अशा हाताला घाबरवतो आणि हा खेळ घाई करत नव्हता.

चाचा माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या लकव्याला दोन महिने झाले होते. इतवाऱ्यातले टेलर. लग्नाची शेरवानी बेतताना कात्री हातातून पडली, ती उचलायला वाकले आणि तिथंच बसले. उजवी बाजू गेली. बोलणं दीड-दोन महिन्यांत बऱ्यापैकी परतलं, हात मात्र खांद्याला लटकत राहिला. पहिल्या दिवशी मी त्यांचा तळहात उघडायला लागले तर माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, हा हात माझा न्हाई. कुणाचा तरी आणून लावलाय."

चाची शेजारी बसून होत्या. त्या म्हणाल्या, "असंच बोलून राहिले रोज. दुकान बंद केलं त्या दिवसापासून."

दुकान बंद केलं तेही रीतसर केलं होतं. अर्धवट शिवलेले, नुसते बेतलेले, माप घेऊन ठेवलेले, असे सगळे कपडे चाचींनी एकेका गिऱ्हाईकाच्या घरी पोचवले. उमरीच्या एका नवरदेवाचा कोट तर त्या बसनं जाऊन देऊन आल्या. चाचा मला हे अभिमानानं सांगायचे. एकही चिंधी कुणाची ठेवली नाही, म्हणायचे.

रबरी चेंडू दाबणं, भोकांत खुंट्या बसवणं, याचा त्यांना राग यायचा. "लेकरांचे खेळ देता मला." मग एकदा दुसरी एक बाई होडी चालवत होती ती त्यांनी बघितली आणि बराच वेळ तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी येताच म्हणाले, "ती कश्ती मला द्या."

पहिली नदी पार करायला त्यांना अठरा दिवस लागले. मी त्यांचा कोपर आधाराला धरायची. होडी काठाला लागली की ते जिभेनं 'च्' करायचे, कापड वाकडं कापलं गेल्यासारखं, आणि पुन्हा सुरू. पाचव्या नदीपर्यंत पोचले तेव्हा माझं लातूरला जायचं ठरलं होतं. मला वाईट वाटत होतं, पण चाचांनी ते आपल्यापुरतं सोडवून टाकलं. त्यांची लेक लातूरला गंजगोलाईच्या मागे राहते. "महिन्यातले पंधरा दिवस लेकीकडं राहीन," म्हणाले. "हात तुमच्याकडं, मग मी नांदेडात काय करू?"

लातूरला क्लिनिक मांडलं आणि कॉम्प्युटर सुरू होईना. लोहा, अहमदपूर, चाकूर अशा सगळ्या रस्त्यानं तो टेम्पोत आदळत आला होता. दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितला आणि म्हणाला, "डिस्क गेली मॅडम. यातलं काही निघणार नाही." नवी डिस्क टाकली. पेशंटची कागदं माझ्याकडे वहीत होती, त्यामुळे फारसं काही बुडालं नव्हतं. फक्त होडी गेली होती.

मी निश्चिंत होते. खेळ विकत घेतलेला होता, त्याची मेल जपून ठेवली होती. मेलमधल्या दुव्यावर टिचकी मारली तर बूट विकणारं एक पान उघडलं. पळायचे बूट, चालायचे बूट, लहान मुलांचे बूट. मला वाटलं, चुकीच्या जागी बोट पडलं. पुन्हा मारली. पुन्हा बूट.

शोधाशोध केल्यावर कळलं की ती कंपनी बंद होऊन दोन वर्षं झाली होती. पण त्याच वेळी हेही दिसलं की खेळ विकणाऱ्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानात तोच खेळ अजून विकायला होता. त्याच होडीचं चित्र, खाली बनवणाऱ्या कंपनीचं तेच नाव, आणि वर सवलतीची पट्टी. किंमत माझ्या एका सिटिंगच्या फीपेक्षाही कमी. मला बरं वाटलं. सवलत कुणीतरी जिवंत माणूसच देणार ना! म्हणजे कंपनी बंद झाली ही अफवा असेल, किंवा दुसऱ्या कुणी ती घेतली असेल. मी पैसे भरले. मिनिटभरात मेल आली. आमचा खेळ घेतल्याबद्दल आमच्या लहानशा कुटुंबाकडून आभार, तुमच्यासारख्या लोकांमुळेच आम्ही पुढचा खेळ बनवू शकतो, असा मजकूर.

खेळ उतरवून घेतला. उघडला. काळा पडदा आला आणि मधोमध 'जोडत आहोत' असं इंग्रजीत एक वाक्य. त्याखाली एक ठिपका गोल फिरत होता. आमच्याकडचं नेट संथ असेल म्हणून मी तसंच सुरू ठेवलं आणि पेशंट बघायला गेले. दुपारी बघितलं, ठिपका फिरत होता. संध्याकाळी क्लिनिक बंद करताना बघितलं, तेव्हाही फिरत होता.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. लेकीनं रिक्षातून सोडलं होतं. चप्पल काढून थेट कॉम्प्युटरपुढे बसले आणि उजवा हात डाव्या हातानं उचलून माऊसवर ठेवला. पडद्याकडे बघत राहिले.

"कश्ती कुठाय?"

"येत नाहीये चाचा. कंपनी बंद पडलीय."

"पण खेळ तर तुम्ही घेतला न्हवं?"

"घेतला."

"कधी?"

"काल."

चाचा माझ्याकडे वळून बघायला लागले. "बंद दुकानातून?"

मी त्यांना सांगून बघितलं की बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे. विकणारं दुकान सुरू आहे, बनवणारं बंद आहे. ते त्यांना पटलं, कारण कापडाचं तसंच असतं, गिरणी बंद पडली तरी दुकानात ठाण मिळतं. "मग ठाण दिलं का त्यांनी?" त्यांनी विचारलं. दिलं होतं. कॉम्प्युटरमध्ये उतरलं होतं, जागाही अडवून बसलं होतं. "मग उघडून का न्हाई राहिलं?" उघडायला बनवणाऱ्याची परवानगी लागते, मी म्हणाले, आणि बोलता बोलता मलाच ते खोटं वाटायला लागलं. चाचा म्हणाले, "मी मेलो तर मी शिवलेल्या शर्टाचं बटण लागायचं बंद होईल का?"

त्या दिवशी त्यांना खुंट्याच दिल्या. त्यांनी सगळ्या बसवल्या.

मी दुकानाला तक्रार लिहिली. खेळ सुरू होत नाही, पैसे परत करा. उत्तर सभ्य होतं. त्यांचा नियम असा की ठरावीक वेळेपेक्षा जास्त खेळलेल्या खेळाचे पैसे परत मिळत नाहीत, आणि त्यांच्या नोंदीप्रमाणे मी हा खेळ नऊ तास खेळले होते. नऊ तास! तो ठिपका फिरत होता ते नऊ तास. मी लिहिलं की मी काही खेळले नाही, नुसती वाट बघत होते. त्यावर तेच उत्तर पुन्हा आलं, शेवटी 'खेळाचा आनंद घ्या' एवढं जास्तीचं जोडून. मग मी त्या आभाराच्या मेललाच उत्तर दिलं, की कुटुंबातलं कुणीतरी माझ्याशी बोला. ती मेल जशीच्या तशी परत आली. असा पत्ता अस्तित्वात नाही.

नवऱ्याला विचारलं. तो कॉमर्स शिकवतो, त्याला अशा गोष्टी कळायला हव्यात असं मला वाटतं.

"पैसे कुणाला गेले?"

"दुकानाला."

"दुकान त्यातला हिस्सा कंपनीला देतं ना?"

"देत असेल."

"पण कंपनी नाही ना!"

"नाही म्हणजे, तिचं जे काही शिल्लक राहिलं ते कुणीतरी घेतलं असेल. त्यांना जात असतील."

"मग त्यांनीच खेळ सुरू करून द्यायला नको?"

"त्यांना बहुतेक माहीतही नसेल की त्यांच्याकडे हा खेळ आहे," तो म्हणाला, आणि पेपर तपासायला लागला. हे ऐकून मला काहीच्या काही वाटलं. म्हणजे मी एक वस्तू घेतली, ती ज्याची आहे त्याला माहीत नाही की ती त्याची आहे, ज्यानं बनवली तो उरला नाही, आणि ज्यानं विकली तो म्हणतो तुमचं खेळून झालंय. यात फसवलं कुणी? कुणी फसवलंय असं तरी म्हणता येईल का? मला नीट रागसुद्धा येईना. रागवायला समोर कुणीतरी लागतं.

दुकानातल्या त्या खेळाच्या पानाखाली लोकांनी तक्रारी लिहून ठेवल्या होत्या. किती भाषांतल्या, मला वाचताही येईनात. एका इंग्रजी तक्रारीत असं होतं की या खेळाची चित्रं काढणारा माणूस आता स्वतःची चित्रं विकतो, त्याचं पान अमुक. मी त्या पानावर जाऊन लिहिलं. माझं इंग्रजी दवाखान्यापुरतं आहे, त्यामुळे पत्र केस पेपरसारखं झालं. पुरुष, वय अठ्ठावन्न, उजव्या बाजूचा लकवा, व्यवसाय शिवणकाम, तुमच्या खेळातल्या पाचव्या नदीपर्यंत प्रगती, सध्या खेळ उघडत नाही, कृपया मार्ग सांगावा.

अकरा दिवसांनी उत्तर आलं. तोपर्यंत चाचा नांदेडला परत गेले होते.

तो माणूस लिहीत होता की खेळातलं पाणी त्यानं रंगवलं होतं. खेळ अजून विकला जातो हे त्याला माझ्या पत्रातून कळलं. तो कुणाच्या मालकीचा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याच्या स्वतःकडेही त्याची प्रत नव्हती. मग त्यानं लिहिलं होतं की तुम्ही कॉम्प्युटरची नेटची जोडणी पूर्ण काढा आणि मग खेळ उघडा. खेळ सुरू होताना आमच्या पत्त्यावर विचारणा करतो. पत्ताच सापडला नाही तर तो आपोआप उघडतो, आम्ही ते तसं मुद्दाम केलं होतं. पण आमचा पत्ता आता दुसऱ्या कुणीतरी घेतलाय, त्यामुळे विचारणेला काहीतरी भलतंच उत्तर येतं आणि बिचारा खेळ त्याचा अर्थ लावत बसतो.

म्हणजे बुटाच्या दुकानाला माझा कॉम्प्युटर दिवसभर विचारत होता, होडी सोडू का, आणि बुटाचं दुकान त्याला बूट दाखवत होतं. नांदेडच्या क्लिनिकात नेट नव्हतंच, खेळ मी घरून आणून टाकला होता, म्हणून तिथं तो कधी अडला नव्हता.

मी वायफाय बंद केलं. खेळ उघडला. ठिपका दोनदा फिरला आणि पडद्यावर पाणी आलं. मी खुर्चीत बसूनच राहिले. नेटशिवाय घेता येत नाही, आणि नेट असलं की चालत नाही, अशी वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. आनंद झाला होता, पण तो कुणाला सांगायचा म्हटलं तर आधी एवढं सगळं समजावून सांगावं लागलं असतं. मी त्या माणसाला आभाराचं पत्र लिहिलं आणि विचारलं की तुम्हाला काही पैसे पाठवू का. त्यानं कळवलं, पैसे नकोत, तुमचे पेशंट सहाव्या नदीत पोचले तर सांगा, तिथलं पाणी मला सगळ्यात आवडतं.

चाचा पुढच्या महिन्यात आले. चाची बरोबर होत्या. मी त्यांना थेट कॉम्प्युटरपुढे बसवलं. जुन्या डिस्कबरोबर त्यांची पाच नद्यांची मेहनत गेली होती, त्यामुळे पहिल्यापासून सुरू करावं लागणार हे मी आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, चालेल. हात माऊसवर ठेवला आणि थांबले.

"ही ती न्हाई."

"तीच आहे चाचा."

"न्हाई मॅडम. ही नदी रुंद हाय. ती इतकी रुंद न्हवती. हे झाड बघा, इकडं घाट हाय. हे काही न्हवतं तिथं."

त्यांनी दाखवलेलं झाड आणि घाट दोन्ही नदीच्या उजव्या काठाला होते. मी बघत राहिले. मला झाड आठवत होतं. घाट आठवत नव्हता. पण मी कधी त्या नदीकडे नीट बघितलंच नव्हतं, मी त्यांच्या कोपराकडे बघत असायची.

चाची मागून म्हणाल्या, "तवा हे ताटातलं उजव्या अंगाचं तसंच ठेवून उठायचे. भाजी उजवीकडं वाढली की म्हणायचे, भाजी वाढलीच न्हाई."

हे त्यांनी मला नांदेडला कधी सांगितलं नव्हतं. मेंदूच्या अशा दुखण्यात काही लोकांचं एका बाजूकडचं लक्षच जातं. डोळ्याला दिसत असतं, पण ती बाजू जगात आहे हेच त्यांना जाणवत नाही. उजव्या बाजूचं असं कमी वेळा होतं, म्हणून मी तपासलं नव्हतं. म्हणजे नांदेडला ते महिनोन्महिने अर्ध्याच नदीतून होडी नेत होते की काय? म्हणून पहिल्या नदीला अठरा दिवस लागले? आणि मी त्यांच्या कोपराला आधार देत बसले होते?

किंवा खेळच बदलला असेल. मी पहिल्यांदा घेतला तो जुना होता, दुकानात मिळतो तो नंतरचा असेल. मी चित्रकाराला लिहून विचारलं, तुम्ही पहिल्या नदीत उजव्या काठाला घाट नंतर टाकला का? त्यानं लिहिलं, टाकला असावा असं वाटतं, पण खात्री नाही, बंद व्हायच्या आधीच्या महिन्यांत आम्ही बरंच काही बदलत होतो आणि त्याची कागदं कुणाकडे राहिली नाहीत. जुनी डिस्क मी भंगारात दिली होती. पडताळून बघायला काही उरलं नव्हतं.

उत्तर आल्यावर चाचांना मी दोन्ही शक्यता सांगितल्या. मला वाटलं होतं ते दुखावतील. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात माऊसवरून उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला खरंच कळत नाही चाचा."

"मला वाटतं खेळ बदलला. मी आंधळा न्हवतो." मग थोड्या वेळानं, चाचींकडे न बघता, "भाजीचं खरं असंल तर असंल."

ती पहिली नदी त्यांनी परत आल्याच्या पहिल्याच दिवशी चाळीस मिनिटांत पार केली होती. हात सुधारला होता म्हणून, की नदी रुंद होती म्हणून, मला सांगता येणार नाही. केस पेपरवर मी 'प्रगती समाधानकारक' असं लिहिलं आणि पुढं एक प्रश्नचिन्ह टाकलं, जे मी एरवी कधी टाकत नाही.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. चाचा सहाव्या नदीपर्यंत गेले, ते मी चित्रकाराला कळवलं. त्यानंतर त्यांनी खेळ सोडला. घरी मशीनवर बसायला लागले. शेरवानी बेतत नाहीत, पण उशांचे अभ्रे, परकर, सरळ शिवण चालते. एकदा लेकीकडे आले तेव्हा माझ्या पलंगांसाठी चार चादरींच्या कडा दुमडून घेऊन आले. एका कडेला शिवण किंचित सरकली होती. त्यांनी ती स्वतः दाखवली आणि म्हणाले, "ही उजवीकडची हाय, लिहून ठेवा."

कॉम्प्युटर अजून क्लिनिकमध्ये आहे. त्याला मी नेट जोडत नाही. होडी चालते.

गेल्या आठवड्यात चाकूरहून एक शिक्षिका आपल्या आईला घेऊन आल्या. आईनं होडी चालवली, तिला आवडलं. जाताना शिक्षिकेनं विचारलं, "मॅडम, हा खेळ आम्हाला घरी पाहिजे. रीतसर विकत घ्यायचाय. कुठं मिळेल?"

मी दुकानाचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. मी त्यांना सांगायला हवं होतं की तिथं मिळेल पण उघडणार नाही, उघडला तर नेट काढून उघडेल, पैसे कुणाला जातील ते विचारू नका, आणि तुमच्या आईला दिसेल ती नदी कोणती असेल तेही मला माहीत नाही. शिक्षिका पेन उघडून उभ्या होत्या.

"बसा जरा," मी म्हणाले. "हे थोडं सावकाश सांगावं लागेल."